आधी मीटर, मग उपदेश : मुलांना ऊर्जाबचत शिकवण्याची एक सोपी रीत

ऊर्जाबचतीचा तास म्हटला की फळ्यावर ‘वीज वाचवा’ लिहिलं जातं, घोषवाक्यं पाठ होतात आणि घंटा झाली की वर्गातले सगळे पंखे फिरते ठेवून मुलं मैदानाकडे पळतात. यात मुलांचा दोष नाही. एक पंखा तासभर फिरला तर नेमकं किती खर्च होतं, हे त्यांना कोणी दाखवलेलंच नसतं.

म्हणून या लेखात उपदेश मागे ठेवला आहे आणि मोजमाप पुढे घेतलं आहे. आपण शिक्षक असा, पालक असा किंवा सोसायटीतल्या मुलांना जमवून काही करू पाहणारे असा. खाली दिलेल्या पायऱ्या क्रमाने घेतल्या तर पाच-सहा आठवड्यांत हा उपक्रम पुरा होतो. विज्ञानाचं खास शिक्षण लागत नाही. गुणाकार, भागाकार आणि दशांश येणारी पाचवी ते आठवीची मुलं यासाठी योग्य. साहित्य म्हणाल तर वही, पेन, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि घरचं एखादं जुनं वीजबिल.

सुरुवातीलाच एक नियम सगळ्यांकडून वदवून घ्या : पाहायचं आणि लिहायचं, हात लावायचा नाही. मीटरची पेटी उघडायची नाही, ओल्या हाताने बटण दाबायचं नाही, प्लग ओढून काढायचे नाहीत. मीटर जिन्याखाली किंवा मीटररूममध्ये असेल तर सोबत मोठं माणूस हवंच.

पायरी 1 : वॅट आणि युनिट यांतला फरक

इथे मुलांचाच नव्हे, मोठ्यांचाही गोंधळ होतो. वॅट म्हणजे एखादं उपकरण वीज किती वेगाने घेतं ते. युनिट म्हणजे ठरावीक वेळात एकूण किती वीज घेतली ते. नळाची धार म्हणजे वॅट आणि बादलीत साठलेलं पाणी म्हणजे युनिट, असं सांगितलं की मुलांना पटकन कळतं. धार मोठी असली तरी नळ मिनिटभरच सोडला तर बादली भरत नाही. धार बारीक असली तरी रात्रभर सोडली तर बादली भरून वाहते.

हिशेब सोपा आहे. 1000 वॅटचं उपकरण 1 तास चाललं की 1 युनिट होतं. त्यालाच किलोवॅट-तास म्हणतात. वॅट गुणिले तास भागिले 1000, एवढं सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या.

दोन उदाहरणं फळ्यावर सोडवा. 75 वॅटचा पंखा 10 तास फिरला : 750 भागिले 1000, म्हणजे 0.75 युनिट. 9 वॅटचा एलईडी बल्ब 5 तास लागला : 0.045 युनिट. इथे दशांशचिन्ह चुकतं, म्हणून दोन्ही उत्तरं आपण स्वतः तपासा.

पायरी 2 : मीटर वाचणं

हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर आकडे आपोआप बदलत राहतात. कधी तारीख येते, कधी वेळ, कधी व्होल्टेज. आपल्याला हवा असतो तो ‘केडब्ल्यूएच’ ही अक्षरं सोबत असलेला आकडा. ही अक्षरं मीटरवर इंग्रजीत असतात. ती फळ्यावर मोठी काढून दाखवा.

नेमकी चूक इथेच होते. शेवटचा ‘एच’ नसलेला ‘केडब्ल्यू’चा आकडाही पडद्यावर येतो. तो कमाल मागणीचा असतो, म्हणजे त्या काळात एका वेळी जास्तीत जास्त किती भार पडला याचा. मुलं घाईत तोच लिहून आणतात. एखाद्या वहीत 4821.6 च्या खाली दुसऱ्या दिवशी 1.84 दिसलं तर काय झालं असेल ते ओळखा.

आठवडाभर रोज एकाच वेळी रीडिंग घ्यायला सांगा; संध्याकाळी सातची वेळ बरी. आजच्या रीडिंगमधून कालचं वजा केलं की दिवसाचा वापर निघतो. एक दिवस राहिला तर तिथे अंदाजाने आकडा भरू नये. पुढच्या दिवशीच्या वजाबाकीत दोन दिवसांचा वापर येतो, त्याला दोनाने भागावं. पडताळ्यासाठी बिलावरचं चालू रीडिंग आणि मागील रीडिंग पाहा. या दोन्हींतला फरक म्हणजे बिलाच्या काळातला वापर.

बिलावर ग्राहकाचं नाव, पत्ता आणि ग्राहक क्रमांक असतो. त्यामुळे बिलं वर्गात गोळा करू नका. मुलांनी फक्त युनिटचा आकडा आणि दिवसांची संख्या उतरवून आणली तरी पुरे.

पायरी 3 : मीटरवरचा लाल दिवा मोजणं

या सगळ्यात मुलांना सर्वांत आवडणारी ही पायरी. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो. 3200 असेल तर दिवा 3200 वेळा लुकलुकला की 1 युनिट पुरं झालं असं समजायचं. मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर हिशेबात तोच घ्यायचा.

आता एखाद्या सुट्टीच्या सकाळी, मोठ्यांच्या संमतीने, घरातली सगळी उपकरणं पाच मिनिटं बंद ठेवा आणि फक्त एक पंखा पूर्ण वेगाने लावा. 3200 च्या मीटरवर 75 वॅटचा पंखा मिनिटाला बरोबर 4 वेळा दिवा लुकलुकवतो. पंखा बंद करून 1000 वॅटची इस्त्री लावली की मिनिटाला साधारण 53 वेळा. 2000 वॅटचा गीझर लावला की शंभराच्या वर. मोजता मोजता मुलांची तारांबळ उडते. आणि 9 वॅटचा एकटा एलईडी? दिवा दोन मिनिटांत जेमतेम एकदा लुकलुकतो.

गीझर आणि बल्ब यांतलं हे अंतर डोळ्यांनी पाहिल्यावर पुढचं निम्मं शिकवणं आपोआप होतं.

गडबड होते ती फ्रिजमुळे. तो मध्येच सुरू होतो आणि मोजणी बिघडते. फ्रिज बंद ठेवता येत नसेल तर आधी मिनिटभर दिवा मोजा, मग उपकरण लावून पुन्हा मिनिटभर मोजा आणि दोन्हींतला फरक घ्या. इस्त्री आणि गीझर ठरलेलं तापमान आलं की आपोआप वीज तोडतात, त्यामुळे मोजणी सुरुवातीच्या मिनिटातच उरकावी.

पायरी 4 : घराची यादी

वहीत चार रकाने आखा : उपकरण, वॅट, रोजचे तास, युनिट. वॅटचा आकडा उपकरणाच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर असतो. पट्टी पुसली असेल तर दुकानात तसंच मॉडेल पाहावं किंवा तिसऱ्या पायरीतल्या दिव्याने मोजावं. पंपावर वॅटऐवजी एचपी, म्हणजे अश्वशक्ती, लिहिलेली असते. 1 एचपी म्हणजे 746 वॅट. मात्र पंप प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्त वीज खेचतो.

तासांचा अंदाज करताना मुलं फसतात. ‘टीव्ही किती वेळ?’ असं विचारलं की घराघरातून ‘एक तास’ असं उत्तर येतं. म्हणून अंदाज विचारूच नका. टीव्हीजवळ कागद चिकटवून दोन दिवस लावल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहायला सांगा.

फ्रिजला वेगळा न्याय द्यावा लागतो. तो दिवसभर जोडलेला असला तरी त्याचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, म्हणून वॅटला 24 ने गुणलं तर उत्तर अवाच्या सवा येतं. त्याऐवजी दारावरचं ताऱ्यांचं लेबल पाहा. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2006 पासून ही लेबलं सुरू केली. त्यावर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. 200 लिहिलं असेल तर 365 ने भागा : रोज साधारण 0.55 युनिट.

लेबल वाचताना ताऱ्यांइतकाच त्याखालचा युनिटचा आकडाही पाहायला शिकवा. पाच ताऱ्यांचा मोठा फ्रिज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. शिवाय निकष काही वर्षांनी कडक होत जातात, त्यामुळे जुने पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात.

पायरी 5 : यादी आणि मीटर यांचा ताळा

समजा एका घराची यादी अशी आली : दोन पंखे प्रत्येकी 10 तास, 1.5 युनिट, चार एलईडी 5 तास, 0.18, फ्रिज 0.55, 80 वॅटचा टीव्ही 4 तास, 0.32; मिक्सर 12 मिनिटं, 0.1, गीझर अर्धा तास, 1. बेरीज 3.65 युनिट. महिन्याला सुमारे 110.

आता मीटरवरून काढलेली रोजची सरासरी शेजारी लिहा. थोडा फरक चालेल. मीटर बराच जास्त दाखवत असेल तर काहीतरी यादीतून सुटलं आहे : पाण्याचा पंप, इस्त्री, सेट-टॉप बॉक्स, दोन दिवस आलेले पाहुणे. शोधू द्या, घाई करू नका. मात्र घरातलं सगळं बंद असूनही लाल दिवा भराभर लुकलुकत असेल तर तो मुलांचा अभ्यास नव्हे, वायरमनला बोलवा.

बिलाचे टप्पेही इथेच समजावता येतात. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली 100 युनिटं स्वस्त दराने आणि 101 ते 300 ही त्यापेक्षा बऱ्याच जास्त दराने आकारली जातात. शंभराच्या वर गेलं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, हा गैरसमज घरोघरी आहे. वरचा दर फक्त शंभरावरच्या युनिटांना लागतो. वरच्या उदाहरणातलं घर रोजचं एक तृतीयांश युनिट कमी करू शकलं तर महागडी 10 युनिटंच वाचतात. दोन पंखे रोज सव्वादोन तास कमी फिरले की तेवढं होतं.

पायरी 6 : बचत कुठे करायची, हे मुलांनी ठरवणं

यादी मोठ्या आकड्याकडून लहानाकडे उतरत्या क्रमाने पुन्हा लिहायला लावा. बहुतेक घरांत वर येतात ती पाणी तापवणारी, हवा थंड करणारी आणि सतत फिरणारी उपकरणं. आपण आयुष्यभर ओरडतो ते दिव्यांवरून, आणि दिवे तर यादीच्या तळाशी सापडतात.

एक हिशेब इथे जरूर करा. 20 लिटरची बादली 25 अंशांवरून 45 अंशांवर तापवायला सुमारे अर्धं युनिट लागतं. तेवढ्या विजेत 9 वॅटचा बल्ब 50 तासांहून अधिक जळतो. मोबाइलचा रिकामा चार्जर भिंतीला लटकला तर फारच थोडी वीज जाते. तो काढावा, पण तेवढ्यावर समाधान मानू नये.

मग सोपे उपाय मुलांकडूनच येतात. गीझर अंघोळीच्या किती आधी लावायचा ते घड्याळ लावून ठरवणं. एसी 24 अंशांवर ठेवून पंख्याची जोड देणं. इस्त्रीचे कपडे साठवून एकदाच करणं. पंखा बदलायची वेळ आलीच तर बीएलडीसी जातीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरीचा घेणं. साधा पंखा 75 वॅट घेतो तिथे हा 30 ते 35 वॅटमध्ये तेवढंच वारं देतो. पंख्याचा जुना, डब्यासारखा रेग्युलेटर वेग कमी केला तरी उरलेली वीज उष्णतेत घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला तर कमी वेगाला खरोखर बचत होते.

आणि एक सीमारेषा आपणच आखून द्या. अभ्यासाचा दिवा, आजीच्या खोलीतला पंखा, आजारी माणसाचं गरम पाणी यांना हात लावायचा नाही. कोणी वापरत नसताना जळतं ते वाचवायचं, गरजेचं नाही. ही गोष्ट सांगायची राहिली तर उत्साही मुलं घरात पोलिसगिरी सुरू करतात आणि पालक आठवड्यात वैतागतात.

पायरी 7 : पुन्हा मोजणं

ठरवलेले दोन-तीन बदल दोन आठवडे पाळायचे आणि रीडिंग पुन्हा रोज लिहायचं. आधीच्या आठवड्याची रोजची सरासरी आणि नंतरची सरासरी शेजारी मांडली की फरक दिसतो.

तुलना मात्र न्यायाची हवी. मे महिन्याचं बिल ऑगस्टच्या बिलाशी ताडून ‘बचत झाली’ म्हणण्यात अर्थ नाही; ती पावसाची कृपा. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. बिलांचे दिवसही कमी-जास्त असतात, म्हणून एकूण युनिटांना दिवसांनी भागूनच आकडे मांडा. सुट्टीत कुटुंब गावाला गेलं असेल तर ते दिवस गाळा.

वर्गात ‘सर्वांत कमी युनिट कोणाचं?’ अशी स्पर्धा लावू नका. एका खोलीत राहणाऱ्या मुलाचा वापर कमीच असणार आणि ज्याच्या घरी एसी आहे त्याला उगाच अपराधी वाटणार. प्रत्येक घराची तुलना त्या घराशीच. आकडा कमी झाला नाही तरी चालेल. तो का झाला नाही, हे ज्याला सांगता आलं त्याला विषय कळला.

पायरी 8 : शाळेची इमारत

आता वर्गाकडे वळा. बहुतेक वर्गांत स्विचबोर्डवर आठ-दहा बटणं असतात आणि कुठलं कशाचं हे कोणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे एक पंखा हवा असतो तिथे सगळी बटणं दाबली जातात. शिक्षकांनी एकेक बटण दाबावं, मुलांनी वर पाहून नाव सांगावं आणि बटणाशेजारी कागदी पट्टी चिकटवावी : ‘खिडकीकडचा दिवा’, ‘मागचा पंखा’. वीस मिनिटांचं काम आहे आणि खर्च शून्य.

पुढे गट पाडून पाहणी करा. खिडकीशेजारच्या ट्यूबा दुपारी लागतात का? जुन्या ट्यूबा किती उरल्या आहेत? चोकसकट जुनी ट्यूब 50 ते 55 वॅट घेते, एलईडी ट्यूब 18 ते 20. संगणक कक्षातले पडदे मधल्या सुट्टीत चालू राहतात का? टाकी भरून वाहते का? वाहून गेलेल्या पाण्याबरोबर ते वर चढवणारी वीजही जाते, हे मुलांना सहसा सुचत नाही.

पाहणीचा कागद मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे द्या. मागण्या तीनच असाव्यात आणि प्रत्येकीपुढे महिन्याला वाचणारी युनिटं लिहिलेली असावीत. वीस मागण्यांची यादी कपाटात जाते.

पायरी 9 : वीज सोडून उरलेली ऊर्जा

ऊर्जा म्हणजे फक्त वीज नाही. लहान गावातल्या शाळेत विजेपेक्षा पोषण आहाराच्या खिचडीला लागणारं इंधन जास्त असू शकतं. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना मुलांनी विचारावं : मटकी, वाटाणा रात्री भिजत घातला तर किती वेळ वाचतो? झाकण ठेवलं तर? उत्तर देणाऱ्या खऱ्या तज्ज्ञ त्याच.

घरी गॅससाठी युक्ती सोपी आहे. 14.2 किलोचं सिलिंडर लावलं त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा आणि संपलं त्या दिवशी दुसरी. मधले दिवस मोजले की किलोचा रोजचा हिशेब निघतो.

पायरी 10 : ही वीज येते कुठून

शाश्वत ऊर्जा, म्हणजे आज वापरूनही पुढच्या पिढ्यांना पुरेल अशी ऊर्जा, हा धडा बहुतेक जण पहिल्या दिवशी घेतात. तो शेवटी घ्या, कारण आता मुलांच्या हातात स्वतःचे आकडे आहेत.

महाराष्ट्राचा नकाशा लावा. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस, भुसावळ, परळी, नाशिकजवळचं एकलहरे : ही कोळशावरची वीजकेंद्रं. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज तयार व्हायला साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. वरच्या उदाहरणातल्या गीझरची महिन्याची 30 युनिटं म्हणजे सुमारे 20 किलो कोळसा. पाच किलोच्या चार पिशव्या मुलांना उचलून पाहू द्या.

मग पाटण तालुक्यावर बोट ठेवा. तिथे कोयना धरण आहे. 1960 मेगावॅट क्षमतेचा कोयना प्रकल्प पाण्याच्या उतारावर चालतो आणि संध्याकाळी मागणी वाढते तेव्हा झटकन सुरू करता येतो. त्याच तालुक्यातली मान्याची वाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. घराच्या छतावर 1 किलोवॅटचा सौर संच बसवला तर आपल्याकडच्या उन्हात वर्षाची सरासरी धरून रोज साधारण 4 युनिटं मिळतात. वरच्या घराची गरज होती 3.65. तुलना मुलंच करतील.

पण लगेच हेही विचारा : रात्री काय? पावसाळ्यात काय? सौरऊर्जा आली म्हणजे बचत नको, असा निष्कर्ष मुलं चटकन काढतात. वापर आधी कमी केला तर संचही लहान पुरतो आणि खर्चही कमी येतो. दहावीच्या विज्ञानात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा धडा येतो, तेव्हा सहावीत मीटर मोजलेल्या मुलाला तो जड जाणार नाही.

वेळेबद्दल एवढंच सांगतो. 14 डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. दिवाळीची सुट्टी संपताच पहिली पायरी घेतली तर त्या दिवसापर्यंत निम्म्याहून अधिक काम झालेलं असेल आणि त्या दिवशी मुलं घोषणांऐवजी स्वतःचे आकडे वाचून दाखवतील. दहाही पायऱ्या एकदम जमल्या नाहीत तरी हरकत नाही. येत्या सोमवारी मुलांना एवढंच सांगा : संध्याकाळी सात वाजता घरच्या मीटरचं रीडिंग लिहून आणा.